धातू, धागा आणि साखरेची साखळी

इडलीचं पीठ फुगवणारा जंतू, बुऱ्हाणपूरच्या सुताला लागणारी खळ, गणपतीच्या मखरातलं थर्माकोल आणि नोबेल मिळवणारा एक सिलिकोनवाला... या चौकडीचं एकमेकांशी नातं काय? नातं आहे, आणि ते जुळतं एका थंडगार, धडधडणाऱ्या खोलीत. खोलीचं नाव एमआरआय! घड्याळ, चाव्या, मोबाईल बाहेर ठेवा आणि या आत.

पहिला धक्का घ्या. कॉन्ट्रास्ट एमआरआयसाठी हातात जे इंजेक्शन देतात, ते औषध फोटोत स्वतः दिसतच नाही, माहीत आहे का? सीटी स्कॅनमध्ये आयोडीन स्वतः उजळतं. एमआरआयमध्ये मात्र फोटो निघतो तो मुख्यतः शरीरातल्या पाण्याचा आणि चरबीचा. मशीन रेडिओलहरी सोडून पाण्यातल्या हायड्रोजनला चाळवतं. तो पुन्हा शांत किती लवकर होतो, यावर चित्र ठरतं. औषध शेजारच्या पाण्याला झटपट शांत करतं आणि तो भाग पडद्यावर चमकतो. कष्ट औषधाचे, क्रेडिट पाण्याला!

हे कष्ट करणारा धातू बहुतेक वेळा गॅडोलिनियम असतो. १८८० मध्ये स्वित्झर्लंडच्या मारिन्याक यांनी तो शोधला आणि पुढे त्याला नाव मिळालं ते फिनलंडचे रसायनशास्त्रज्ञ योहान गादोलिन यांचं. त्याची खासियत? त्याच्या आयनात सात एकटे, जोडीदार नसलेले इलेक्ट्रॉन असतात. एफ कक्षेत एकट्यांसाठी जागाच सात. म्हणजे बोर्ड लागलाय, हाऊसफुल्ल!

आता जरा बुऱ्हाणपूरच्या बुधवाऱ्यात या. डिसेंबरच्या गार पहाटे इथे गॅडोलिनियमचा तुकडा ठेवला, तर तो लोखंडासारखा चुंबकाला चिकटेल. तोच तुकडा मे महिन्याच्या भर दुपारी, निमाडच्या त्या भाजणाऱ्या उन्हात ठेवा. पकड ढिली! कारण या धातूचं लोखंडासारखं चुंबकत्व साधारण २० अंश सेल्सिअसलाच संपतं. (इंजेक्शनात तो एकेकट्या आयनांच्या रूपात असतो, त्यामुळे तिथे हवामानाचा प्रश्न नाही. मे महिन्यातही बिनधास्त एमआरआय करा.)

आणि हे माहीत आहे का? हाच गॅडोलिनियम पालघर जिल्ह्यात ब्रेकचं काम करतो! तारापूर अणुवीज केंद्राच्या ३ आणि ४ क्रमांकाच्या अणुभट्ट्या तातडीने थांबवण्याच्या दोन यंत्रणांपैकी एकीत गॅडोलिनियम नायट्रेटचं द्रावण आत सोडलं जातं. न्यूट्रॉन गिळण्यात गॅडोलिनियम-१५७ हा सगळ्या स्थिर अणूंमध्ये रेकॉर्डहोल्डर आहे. तारापुरात न्यूट्रॉन शांत, एमआरआयमध्ये प्रोटॉन शांत. स्वभाव एकच.

पण हा हिरो मोकळा सुटला की व्हिलन होतो. त्याचा आकार कॅल्शियमच्या आयनाच्या फार जवळचा, म्हणून कॅल्शियमचे दरवाजे तो अडवून बसतो. त्याला पिंजऱ्यात घालूनच शरीरात सोडावं लागतं. पहिला यशस्वी पिंजरा बर्लिनच्या शेरिंग कंपनीत हान्स-योआखिम वाइनमान आणि सहकाऱ्यांनी बांधला. नाव मॅग्नेव्हिस्ट, बाजारात आलं १९८८ मध्ये. ६० किलोच्या माणसाला नेहमीचा डोस साधारण १२ मिलीलिटर. पाण्यासारख्या नितळ दिसणाऱ्या त्या छोट्या सिरिंजमध्ये जवळजवळ एक ग्रॅम धातू विरघळलेला असतो. हातात धरून पाहिलं तर विश्वास बसणार नाही!

मग अडचण कुठे आली? या पिंजऱ्यात. तो फार चिमुकला आहे. रक्तवाहिनीतून पाझरून बाहेर पडतो आणि दीडेक तासात निम्मा लघवीवाटे पसार होतो. शिवाय इतका चिमुकला असल्यामुळे तो भयंकर वेगाने गरगरतो, आणि त्याची ताकद त्यातच वाया जाते.

वेगाचं प्रकरण मजेशीर आहे. १.५ टेस्लाचं एमआरआय मशीन म्हणजे पृथ्वीच्या चुंबकापेक्षा सुमारे ३०,००० पट जोर. या जोरात पाण्यातला प्रोटॉन सेकंदाला जवळपास ६ कोटी ४० लाख वेळा डोलतो. म्हणजे ६४ मेगाहर्ट्झ, एफएम रेडिओच्या पट्ट्याच्या जरा खाली! म्हणूनच त्या खोलीच्या भिंतींत तांब्याचं अस्तर असतं. बाहेरचे रेडिओसंदेश आत नकोत, आतले बाहेर नकोत.

या डोलण्याशी औषधाच्या गरगरण्याचा ताल जुळला तर असर कित्येक पट वाढतो. चिमुकला पिंजरा तालाच्या कितीतरी पुढे पळतो. त्याला जरा सावकाश करायचं कसं? एखाद्या लांब, वजनदार रेणूला बांधून टाकायचं. आणि लांब, वजनदार रेणू म्हणजेच... पॉलिमर! रंगमंचावर आता धाग्याची एन्ट्री.

इथे भल्याभल्यांची फजिती झाली. साध्या, लवचिक पॉलिमरला गॅडोलिनियम टांगून पाहिलं. पॉलिमर सावकाश फिरला खरा, पण त्याला लटकलेला गॅडोलिनियम आपला स्वतंत्रपणे गरगरतच राहिला. म्हणजे नुसता लांब धागा पुरत नाही, तो ताठही हवा आणि त्याला मारलेली गाठही घट्ट. आणि अति सावकाशही चालत नाही. मशीन ३ टेस्लाचं झालं की फार मंद फिरणाऱ्या रेणूंचा फायदा घसरतो. डिझाइन करणाऱ्याची खरी कसोटी इथे लागते.

ताठ धाग्याचं कोडं कुणी सोडवलं, माहीत आहे का? त्यात खुद्द एमआरआयचे जनकच होते! पॉल लॉटरबर. हे गृहस्थ नोकरीला लागले ते पिट्सबर्गच्या मेलन इन्स्टिट्यूटमध्ये, डाऊ कॉर्निंगच्या सिलिकोनवर काम करायला. सिलिकोन म्हणजे पॉलिमरच की! पुढे सप्टेंबर १९७१ मध्ये पिट्सबर्गजवळच्या ‘बिग बॉय’ नावाच्या हॅम्बर्गरच्या हॉटेलात त्यांना एमआरआयची कल्पना सुचली, आणि लगेच वही विकत आणून त्यांनी ती लिहून काढली. ‘नेचर’ने त्यांचा लेख आधी नाकारला, मग १९७३ मध्ये छापला. नोबेल यायला २००३ उजाडलं.

आता मधलं साल ऐका, १९९४. एरिक वीनर आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध आला. लेखकांच्या यादीत शेवटचं नाव लॉटरबर, त्यांच्या आधीचं डोनाल्ड टोमालिया, म्हणजे डेंड्रिमर हे फांद्याफांद्यांचे पॉलिमर घडवणारे संशोधक. डेंड्रिमरमध्ये प्रत्येक पिढीला टोकं दुप्पट होतात. एका प्रकारात ४, मग ८, मग १६... सहाव्या पिढीला २५६! गर्दी इतकी की रेणू आपोआप ताठ. वीनर यांच्या एका रेणूवर गॅडोलिनियमचे १७० आयन बसले होते, आणि त्यातला प्रत्येक आयन साध्या पिंजऱ्यातल्या आयनापेक्षा सहापट असरदार ठरला. एका रेणूत १७० जण, आणि प्रत्येकाचं काम सहा जणांचं. मला तर हा आकडा कुठल्याही क्रिकेट रेकॉर्डपेक्षा भारी वाटतो.

पुढे अमेरिकेत हिसाताका कोबायाशी यांनी प्राण्यांवर प्रयोग करून साइजचा चार्टच मांडला. लहान डेंड्रिमर दिला की मूत्रपिंड झकास दिसतं, मध्यम दिला की रक्तवाहिन्या, आणि मोठा दिला की लसिकावाहिन्या. स्मॉल, मीडियम, लार्ज. जसा अवयव, तसं माप!

मग हे दवाखान्यात का मिळत नाही? उत्तर मूत्रपिंडात आहे. तिथल्या गाळणीतून साधारण साडेपाच नॅनोमीटरपर्यंतचे कण सहज जातात. त्याहून मोठे रक्तातच फिरत राहतात. फोटोसाठी जो मुक्काम हवाहवासा, तोच तब्येतीला नकोसा. पिंजरा जितका जास्त वेळ शरीरात, तितकी गॅडोलिनियम निसटण्याची भीती जास्त.

ही भीती कागदावरची नाही. २००६ मध्ये डॉक्टरांनी दुवा जोडला. मूत्रपिंडं निकामी झालेल्या काही रुग्णांची त्वचा गॅडोलिनियमच्या इंजेक्शननंतर लाकडासारखी टणक होत होती, सांधे आखडत होते. एनएसएफ हे त्या आजाराचं छोटं नाव. पिंजऱ्याचा घाट बदलला, सैल साखळीऐवजी बंद कड्याचे पिंजरे आले, रुग्णांची निवड कडक झाली आणि असे रुग्ण अगदी विरळ झाले. म्हणून कॉन्ट्रास्टच्या आधी क्रिएटिनिनचा रिपोर्ट मागतात, तेव्हा कंटाळू नका. किडनीचा त्रास असेल, डायलिसिस चालू असेल, तर फॉर्मवर लिहा आणि तोंडानेही सांगा. मजेच्या पानावरही हे वाक्य मला अगदी मनापासून लिहायचं होतं.

अडचणीवर युक्ती निघाली तीही पॉलिमरचीच. झेंग-रोंग लू यांनी अशी साखळी बांधली जिच्या कड्या गंधकाच्या. आपल्या शरीरातले ग्लुटाथायोनसारखे रेणू या कड्या हळूहळू तोडतात. फोटोपुरती साखळी लांब, काम झालं की तुकडे, तुकडे गाळणीतून बाहेर. प्राण्यांवर हे चाललं. बाजारात पहिला मान मात्र लहान रेणूनेच पटकावला. २०२२ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं गॅडोपिक्लेनॉल एकाऐवजी पाण्याचे दोन रेणू धरतं, त्यामुळे डोस निम्म्यावर आला.

बरं, गॅडोलिनियम बाजूला ठेवू. लोखंडाचं काय? इथे येते साखरेची साखळी, आणि इथे आपलं बुऱ्हाणपूर!

सतराव्या शतकात फ्रेंच प्रवासी ताव्हेर्निये इथून जाताना लिहून गेला की बुऱ्हाणपूरचं कापड इराण, तुर्कस्तानपासून पार रशिया, पोलंडपर्यंत जातं. कापूस म्हणजे सेल्युलोज, सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजचे मणी ओवून झालेली लांबलचक साखळी. थोडक्यात, हे गाव ४०० वर्षांपूर्वीपासून पॉलिमर एक्स्पोर्ट करतंय!

आजही इथल्या पॉवरलूमच्या आधी सुताला साईझिंगची पायरी चढावी लागते. शेकडो धागे चादरीसारखे एकमेकांशेजारी पसरून गरम खळीच्या पेटीत उतरतात, रोलरमधून पिळून निघतात, वाफेच्या तापल्या सिलिंडरवर वाळतात आणि बीमवर गुंडाळले जातात. खळ नसेल तर सुताचे बारीक तंतू उभे राहतात, शेजारच्यात गुंततात, आणि मागावर धागा पटापट तुटतो. एमआरआयसाठी लोहाच्या ऑक्साइडचे कण बनवतात तिथे नेमकं हेच घडतं. उघडे कण एकमेकांना चिकटून त्यांचा गोळा होतो. त्यांनाही खळ लागते! त्या खळीचं नाव डेक्स्ट्रान. आपली खळ स्टार्चची, म्हणजे ग्लुकोजची साखळी. डेक्स्ट्रान? तीही ग्लुकोजचीच साखळी, फक्त मणी जोडण्याची जागा वेगळी.

डेक्स्ट्रान बनवतो कोण, माहीत आहे का? ल्युकोनॉस्टॉक मेसेंटेरॉइडिस नावाचा जंतू. नाव उच्चारताना जीभ अडखळते, पण रोज रात्री तो तुमच्या ओट्यावर असतो. इडलीचं पीठ फुगवणाऱ्या मंडळींत हाच प्रमुख!

आणि हाच साखर कारखान्यांची डोकेदुखी! ऊस तोडून वेळेत गाळपाला गेला नाही की हा जंतू रसातली साखर खाऊन डेक्स्ट्रान करतो. रस बुळबुळीत होतो, गाळणं रखडतं, साखरेचे दाणे लांबुडके होतात. कोल्हापूर-सांगलीपासून आमच्या इकडच्या कारखान्यांपर्यंत चीफ केमिस्टला विचारा, डेक्स्ट्रान म्हटल्याबरोबर कपाळाला आठी! तीच बुळबुळ शुद्ध करून, लहान तुकड्यांत कापून दवाखान्यात गेली की औषध. जागा बदलली, इज्जत बदलली.

डेक्स्ट्रानमध्ये गुंडाळलेल्या लोहकणांचं फेरिडेक्स हे औषध अमेरिकेत १९९६ मध्ये मंजूर झालं. त्याची चाल उलटी. गॅडोलिनियम उजळवतो, लोह काळं करतं. यकृतातल्या सफाई कामगार पेशी हे कण गिळतात, त्यामुळे निरोगी यकृत काळं पडतं आणि गाठीत त्या पेशी नसल्यामुळे गाठ पांढरी उठून दिसते. म्हणजे इथे काळं दिसलं तर पेढे वाटा!

लसिकाग्रंथींतही हीच युक्ती. २००३ मध्ये बोस्टनच्या मुकेश हरिसिंघानी आणि सहकाऱ्यांनी प्रोस्टेट कॅन्सरच्या ८० रुग्णांवर डेक्स्ट्रानचे लोहकण वापरले. कॅन्सर पोहोचलेल्या ग्रंथी ओळखण्याचं प्रमाण साध्या एमआरआयमध्ये ३५.४ टक्के होतं, या कणांनी ते ९०.५ टक्क्यांवर गेलं. एवढं असूनही ते औषध अमेरिकेत मंजूर झालं नाही. फेरिडेक्सही बाजारातून गेलं. चांगलं काम केलं म्हणून दुकान चालतंच असं नाही, आणि याची मला खरोखर हळहळ वाटते.

पण लोहाची दुसरी इनिंग जोरात! साखरेच्याच जातीच्या वेष्टनातलं फेरुमॉक्सिटॉल २००९ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं ते किडनीच्या रुग्णांचं रक्त वाढवायला. रेडिओलॉजिस्ट मंडळींनी ताडलं की ज्यांना गॅडोलिनियम देणं धोक्याचं, त्यांच्यासाठी हेच कॉन्ट्रास्ट म्हणून चालतंय. ॲनिमियाची बाटली, एमआरआयची दिवाळी!

थर्माकोलचं आठवतंय ना? १९९० च्या दशकात युरोपात पोटाच्या एमआरआयआधी ॲब्डोस्कॅन नावाचं पेय द्यायचे. त्यात पॉलिस्टायरीनचे बारीक मणी, वर लोहाचा ऑक्साइड. पॉलिस्टायरीन म्हणजे आपलं थर्माकोल, फक्त हवा न भरलेलं! हे मणी नॉर्वेच्या योन उगेलस्टाड यांच्या तंत्राचे. सगळे मणी तंतोतंत एका मापाचे बनवायला अंतराळातलं वजनरहित वातावरणच लागेल असा तेव्हा समज होता. नासाने शटलमध्ये तसे मणी बनवलेही, आणि १९८५ मध्ये ते विकायला आले, अंतराळात बनलेला पहिला विक्रीचा माल म्हणून. उगेलस्टाड यांनी ती करामत १९७० च्या दशकातच जमिनीवर, ट्रोंडहाइममध्ये करून दाखवली होती.

पेयावरून पेय. अननसाचा रस हासुद्धा एमआरआय कॉन्ट्रास्ट आहे, माहीत आहे का? त्यात मँगनीज भरपूर. पित्तनलिकांच्या एमआरआयआधी तो पाजला तर जठरातलं पाणी काळं पडतं आणि मागच्या नलिका स्पष्ट दिसतात. चव फर्स्ट क्लास, रिझल्टही.

आता मुंबई. आयआयटीमध्ये धीरेंद्र बहादूर यांच्या गटाने २०११ मध्ये लोहकणांना सायट्रिक आम्लाचं वेष्टन दिलं. होय, लिंबातलंच आम्ल! २०१४ मध्ये भाभा अणुसंशोधन केंद्राच्या के. सी. बारिक यांच्यासह आलेल्या कामात एकाच कणाकडून दोन नोकऱ्या: एमआरआयमध्ये गाठ दाखवायची आणि बदलत्या चुंबकक्षेत्रात स्वतः तापून तिला शेकून काढायची. दाखव आणि जाळ! त्याच वर्षी तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेतून डेक्स्ट्रान गुंडाळलेले लोहकण आले, प्राण्यांमध्ये यकृत कडक होत चालल्याचं टिपणारे. आणि मशीनही देशी होऊ घातलंय. पवईच्या आयआयटी आवारातल्या ‘समीर’ या संस्थेने १.५ टेस्लाच्या देशी एमआरआयसाठी मार्च २०२५ मध्ये दिल्लीच्या एम्सशी करार केला. मशीन आपलं, मग आतलं इंजेक्शन का नाही? साखर आपल्याकडे, लोह आपल्याकडे, पॉलिमरचे जाणकार पुण्या-मुंबईत. मला तरी यात अशक्य काहीच दिसत नाही.

झटपट दोन गोष्टी. थॉमस मीड यांनी गॅडोलिनियमच्या पिंजऱ्याला साखरेचं झाकण बसवलं. ठरावीक एन्झाइम भेटलं की झाकण उडतं, पाणी आत शिरतं, प्रकाश पडतो! २००० मध्ये हा दिवा त्यांनी बेडकाच्या जिवंत भ्रूणात लावून दाखवला.

दुसरी जर्मनीची. एमआरआय झालेल्या रुग्णांच्या लघवीतून गॅडोलिनियम सांडपाण्यात, तिथून नद्यांत, तिथून नळात. २०१९ मध्ये संशोधकांनी तिथल्या सहा शहरांतल्या फास्टफूड दुकानांमधला कोला तपासला. त्यातही गॅडोलिनियमचा माग सापडला! प्रमाण अत्यल्प, पण प्रवास केवढा! शरीरात विरघळून संपणारे पॉलिमर आणि लोहकण का हवेत, याला आणखी एक कारण मिळालं.

आणि आता सगळ्यात नवा खिलाडी. यात ना गॅडोलिनियम, ना लोह. यात फ्लोरिन! टेफ्लॉनच्या भाऊबंदांतले फ्लोरिनवाले पॉलिमर शरीरात सोडायचे आणि मशीन फ्लोरिनच्या फ्रीक्वेन्सीवर लावायचं. बाकी सगळा फोटो काळाकुट्ट, चमकतो तो फक्त पॉलिमर. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड विद्यापीठाचे अँड्र्यू व्हिटाकर आणि क्रिस्टोफर थरेख्ट यांच्या मंडळींनी असे फांद्यांचे पॉलिमर घडवले. २०१४ मध्ये तर अमेरिकेत आतड्याच्या कॅन्सरच्या रुग्णांना टोचलेल्या प्रतिकारपेशी फ्लोरिनच्या खुणेवरून माणसाच्या शरीरात शोधून दाखवल्या गेल्या.

पण थांबा, रोज सकाळी फ्लोराइडच्या टूथपेस्टने दात घासता ना? मग दातच नाही का चमकणार? नाही! दात आणि हाडांतलं फ्लोरिन इतकं घट्ट बसलेलं असतं की त्याचा सिग्नल क्षणार्धात विझतो आणि मशीनच्या हाती लागत नाही. खुशाल ब्रश करा.